हेल्थ फिजिसिस्ट म्हणजे नक्की कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हेल्थ फिजिसिस्ट आहे. किरणोत्सारी पदार्थ आणि क्ष-किरणांची यंत्रे यांच्याजवळ काम करणाऱ्या माणसांना, आसपास राहणाऱ्यांना आणि तिथल्या हवा-पाण्याला इजा होऊ नये हे पाहणे, हे माझे काम. ते समजावून सांगायला मला कधीच जड गेले नाही. जड जाते ते नाव. नातेवाईक, शेजारी, शाळेतली मुले, दवाखान्यातले कर्मचारी आणि किनाऱ्यावरच्या गावांतले लोक यांनी वर्षानुवर्षे विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. मी औषध लिहून देऊ शकत नाही आणि कोणाची नाडीही पाहत नाही. तरी आमच्या इमारतीतल्या एक आजी दर महिन्याला रक्तदाबाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवते. चूक त्यांची नाही. दारावरच्या पाटीवर 'हेल्थ' लिहिलेले असेल तर आत तब्येत दाखवायची, असेच कोणीही समजेल.

मग फिजिसिस्ट, फिजिशियन आणि फिजिओथेरपिस्ट यांत फरक काय?

तिन्ही शब्दांच्या मुळाशी निसर्ग या अर्थाचा एकच ग्रीक शब्द आहे. इंग्रजीत 'फिजिशियन' म्हणजे वैद्य, आणि हा शब्द जुना. 'फिजिसिस्ट' हा त्या मानाने नवा: विल्यम ह्यूएल या ब्रिटिश विद्वानाने तो १८४० साली घडवला, कारण भौतिकशास्त्र करणाऱ्याला काय म्हणावे हा प्रश्न होता आणि 'फिजिशियन' हे नाव वैद्यांनी आधीच घेतलेले होते. म्हणजे इंग्रजीतही ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे.

मराठीत ती मुळात नाहीच. वैद्य आणि भौतिकशास्त्रज्ञ या दोन शब्दांची गल्लत कोणी करणार नाही. गोंधळ झाला तो आपण नाव जसेच्या तसे उचलले म्हणून.

मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?

मोजते. हे एका शब्दातले उत्तर, आणि ते बरेचसे खरे आहे.

किरणे दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ती अंगावर पडली तरी त्या क्षणी चटका बसत नाही. म्हणून हातात सर्व्हे मीटर घेऊन जागा तपासावी लागते. एखाद्या ठिकाणी दुरुस्तीचे काम निघाले की आधी आम्ही आत जातो. कुठे किरणांची किती मात्रा, म्हणजे डोस, आहे ते पाहतो, आणि त्यावरून फिटरला, वेल्डरला सांगतो की इथे वीस मिनिटे, तिथे पाच मिनिटे, आणि त्या व्हॉल्व्हजवळ उगीच उभे राहायचे नाही. काम संपल्यावर हात, बूट, कपडे तपासायचे. हवेचे नमुने घ्यायचे. जड पाण्याच्या अणुभट्टीत काम करणाऱ्यांची लघवी तपासायची, कारण तिथला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातो आणि बाहेरच्या मीटरला तो दिसत नाही.

आमचे सगळे शास्त्र तीन शब्दांत मावते: वेळ, अंतर, आडोसा. कमी वेळ थांबा. लांब उभे राहा; लहान स्रोतापासून अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते. मध्ये शिसे, काँक्रीट किंवा पाणी यांचा आडोसा ठेवा. मी नव्या कामगारांना हे शिकवते तेव्हा ते लगेच मान हलवतात. चुलीजवळ बसलेल्या माणसाला यातले काहीच नवे नसते.

मात्रा सिव्हर्टमध्ये मोजतात, स्वीडनचे रॉल्फ सिव्हर्ट यांच्या नावावरून. सिव्हर्ट फार मोठे एकक आहे, रोजच्या कामात मिलीसिव्हर्ट वापरतात. भारतात या कामातल्या माणसासाठी सलग ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त असू नये आणि कोणत्याही एका वर्षात ३० ओलांडू नये, अशी मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी, या उद्योगांमुळे होणाऱ्या वाढीची मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट. ताडून पाहायचे तर माती, खडक, आकाश आणि आपले अन्न यांतून जगातल्या माणसाला निसर्गतः वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच.

हे नाव आले कुठून?

शिकागोहून, १९४२ साली, आणि युद्धकाळच्या गुप्ततेतून.

तिथल्या विद्यापीठात तेव्हा 'मेटलर्जिकल लॅबोरेटरी' नावाची संस्था होती. धातुशास्त्राशी तिचा संबंध नावापुरताच. आत अणुबाँबच्या प्रकल्पाचे काम चाले. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या गटाने जगातली पहिली अणुभट्टी तिथेच चालवली. प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांच्यासमोर एक प्रश्न होता: एवढे किरणोत्सारी द्रव्य यापूर्वी कोणी कधी हाताळलेच नव्हते, मग हाताळणाऱ्यांचे काय?

आणि काय होऊ शकते ते सगळ्यांना ठाऊक होते. जेमतेम वीस वर्षांपूर्वी, न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुलींना ब्रशचे टोक ओठांनी बारीक करायला शिकवले होते. रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले. जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. शरीरात किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा अमेरिकेत १९४१ साली ठरली ती या मुलींच्या शरीरांवरून. आमच्या व्यवसायाचा पाया त्यांनी घातला आहे, आणि हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

कॉम्प्टन यांनी डॉ. रॉबर्ट स्टोन यांच्या हाताखाली आरोग्य विभाग सुरू केला. त्यात डॉक्टर होते, जीवशास्त्रज्ञ होते आणि भौतिकशास्त्रज्ञही होते. विश्वकिरणांवर काम केलेले अर्नेस्ट वोलन हे त्यांतले पहिले. आरोग्य विभागातले भौतिकवाले म्हणून 'हेल्थ फिजिसिस्ट', ही नावाची सरळ हकिगत. आमच्यात दुसरीही सांगतात: 'किरणांपासून संरक्षण' असे उघड नाव ठेवले असते तर आत काय चालले आहे ते बाहेरच्याला कळले असते, म्हणून ज्यातून काहीच कळत नाही असे नाव पसंत पडले. मला दोन्ही एकदम खऱ्या वाटतात. ज्या संस्थेने स्वतःलाच धातुशास्त्राचे नाव घेतले, तिला असे नाव सोयीचेच गेले असणार.

युद्ध संपले, गुप्तता गेली, नाव राहिले. अमेरिकेत १९५६ साली याच नावाची सोसायटी उभी राहिली. आपल्याकडे त्याच वर्षी ४ ऑगस्टला ट्रॉम्बेत 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, आणि भाभा अणु संशोधन केंद्रातही 'हेल्थ फिजिक्स' नावाचाच विभाग झाला. सरकारी हिंदीत 'स्वास्थ्य भौतिकी'. मराठीत कोणी 'आरोग्य भौतिकी' म्हणते. त्याने आजींचा गैरसमज आणखीच पक्का होतो.

नाव कळले नाही म्हणून बिघडते काय? काम नीट होतेय ना?

हा प्रश्न मला माझ्या सहकाऱ्यांनीच जास्त विचारला आहे. माझे उत्तर ठाम आहे: बिघडते.

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात दोघांनी एका बंद पडलेल्या दवाखान्यातून कॅन्सरच्या उपचाराचे यंत्र भंगार म्हणून काढून नेले. आत सीझियम-१३७ होते. अंधारात निळे चमकणारे ते द्रव्य घरोघर गेले, मुलांनी अंगाला लावले. लोक आजारी पडू लागले, उलट्या होऊ लागल्या, आणि साहजिकच ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना उष्ण कटिबंधातल्या एखाद्या रोगाची शंका आली. भंगारवाल्याच्या पत्नीला मात्र या चमकणाऱ्या वस्तूचाच संशय आला. तिने ती पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात नेली. दुसऱ्या दिवशी, सुटीवर त्या शहरात आलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियमच्या शोधासाठी वापरतात तसा मीटर उसना आणला. काटा एकदम शेवटाला गेला. त्याला वाटले मीटरच बिघडलाय, म्हणून त्याने दुसरा आणला. तो वेळेवर पोचला म्हणून बरे; अग्निशामक दलाचे लोक तो स्रोत नदीत टाकायच्या बेतात होते.

चार माणसे मेली, त्यांत ती स्त्री आणि सहा वर्षांची एक मुलगी. एक लाखाहून अधिक लोकांना तपासावे लागले. पंधरा दिवस त्या शहरात हवा होता तो मीटर घेतलेला माणूस, आणि अशा माणसाला बोलवावे हे कोणाला सुचलेच नाही, कारण असा कोणी असतो हेच ठाऊक नव्हते.

आपल्याकडे २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात असेच घडले. प्रयोगशाळेतले जुने कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात विकले गेले, तोडले गेले, एक कामगार दगावला आणि कित्येक जण भाजले, आजारी पडले. तिथेही लोक आधी गेले ते त्वचेच्या आणि पोटाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यातच.

पण धोक्याची खूण असतेच की?

असते: पिवळ्यावर तीन पाकळ्यांची. ती १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तयार झाली. आम्हाला ती ओरडून सांगते, इतरांना पंख्यासारखी दिसते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला हे लक्षात आले. मग भारतासह ११ देशांत १,६५० लोकांना दाखवून पारखलेली एक नवी खूण २००७ साली आली. लाल पार्श्वभूमी, वर किरणे, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ती मोठ्या स्रोतांच्या यंत्रांत आतल्या बाजूला लावतात, तोडायला घेणाऱ्याला दिसावी म्हणून.

खुणेच्या बाबतीत जगाने मान्य केले की तज्ज्ञाला कळणे पुरेसे नाही. नावाच्या बाबतीत हे मान्य व्हायला एवढा वेळ का लागावा?

दवाखान्यातले मेडिकल फिजिसिस्ट तुमच्यातलेच का?

चुलत घराणे म्हणा. कॅन्सरच्या रुग्णाला 'शेक' देतात तेव्हा गाठीवर किती मात्रा, कोणत्या कोनातून, आणि शेजारच्या निरोगी भागाला किती कमी, हा हिशेब मेडिकल फिजिसिस्ट करतात. त्यांना मात्रा नेमकी द्यायची असते, मला ती टाळायची असते. भारतात या शिक्षणाचे मोठे केंद्र ट्रॉम्बेचेच: एम.एस्सी. झाल्यावर एक वर्षाची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, १९६२ पासून चालू आहे. दवाखान्यात किंवा कारखान्यात सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला आर.एस.ओ., म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणतात. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. मंडळ १९८३ चे, मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला.

बॅज लावला की किरणांपासून बचाव होतो ना?

नाही. आणि हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त छळतो.

छातीवरचा टी.एल.डी. बॅज फक्त नोंद ठेवतो. त्याच्या आतल्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात. नंतर त्या तापवल्या की प्रकाश बाहेर पडतो आणि त्यावरून मात्रा कळते. घरातला विजेचा मीटर वीज वाचवत नाही, तसेच हे. एका दवाखान्यात मी तपासणीला गेले तर सगळ्यांचे बॅज टेबलाच्या खणात एकावर एक ठेवलेले. "मॅडम, खराब होऊ नयेत म्हणून," तिथला तरुण तंत्रज्ञ म्हणाला. तो रोज हृदयाच्या तपासण्यांत तासन् तास क्ष-किरणांच्या शेजारी उभा असे. त्याचा तीन महिन्यांचा आकडा शून्य आला होता आणि त्याला ते चांगले वाटले होते. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटे की 'हेल्थवाले' वर्षातून एकदा रक्त तपासायला येतात.

मराठीत याला म्हणावे तरी काय?

आधी एक गुंता सोडवू. मराठीत रेडिएशनसाठी प्रारण, किरणोत्सर्ग, किरणोत्सार असे शब्द फिरतात. शास्त्रीय लेखनात 'प्रारण' म्हणजे बाहेर पडणारी किरणे, आणि 'किरणोत्सर्ग' किंवा 'किरणोत्सार' म्हणजे ती बाहेर टाकण्याचा पदार्थाचा गुण. बातम्यांत मात्र सगळ्याला एकच शब्द लागतो. 'किरणोत्सर्ग पसरला' असे वाचले की मला कळत नाही: धूळ पसरली, की नुसती किरणे होती?

हा शब्दांचा कीस नाही. शेकोटीजवळ बसलात तर धग लागते, उठून गेलात की धग संपली. पण राख कपड्यांवर उडाली तर ती तुमच्याबरोबर घरी येते. एक्स-रे काढणे ही धग आहे. खोलीतून बाहेर आलात की काही उरत नाही, तुमच्या कडेवरच्या बाळाला काही लागत नाही. गोयानियात राख होती. दोन्हींना एकच शब्द वापरला की लोक एक्स-रे काढून आलेल्या माणसाला घाबरतात आणि चमकणारी पूड हातात घेतात.

नावाबद्दल माझे मत: 'किरणसुरक्षा तज्ज्ञ'. क्ष-किरण शाळेत सगळे शिकतात, सुरक्षा रोज ऐकतात. कोणी म्हणेल की सगळीच प्रारणे काटेकोर अर्थाने किरणे नसतात, अल्फा आणि बीटा हे तर कण. खरे आहे, पण अल्फा किरण, बीटा किरण असे आपण म्हणतच आलो आहोत. 'प्रारण संरक्षण' शुद्ध आहे आणि ते ऐकून समोरचा गप्प होतो. मला तो गप्प व्हायला नको आहे, त्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा आहे.

इतर देशांनी काय केले?

बहुतेकांनी सरळ नाव घेतले. जर्मन भाषेतला शब्द 'श्ट्रालेनशुट्झ', म्हणजे शब्दशः किरणरक्षण. फ्रेंचांचे 'रादिओप्रोतेक्सिओं'. ब्रिटनमधली संस्थाही रेडिऑलॉजिकल प्रोटेक्शनच्या नावाची. गंमत वाटेल, पण आपल्या देशातल्या या क्षेत्राच्या संघटनेचेही नाव 'इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन' असेच आहे. अमेरिकी सोसायटीने जुने नाव जपले आणि त्याखाली 'रेडिएशन सुरक्षेतले तज्ज्ञ' अशा अर्थाची ओळ जोडली. नावाखाली खुलासा छापावा लागतो, यातच उत्तर आले.

'किरण', 'रेडिएशन' हे शब्द नावात आले तर लोक घाबरणार नाहीत?

काही घाबरतील. दवाखान्यांनी हा अनुभव घेतला आहे: आज आपण ज्याला एम.आर.आय. म्हणतो त्या तंत्राच्या नावात सुरुवातीला 'न्यूक्लियर' शब्द होता, तो गाळला गेला. तिथे ते योग्यच झाले, कारण त्या तपासणीत अणूंच्या केंद्रकाचा संबंध असला तरी किरणोत्साराचा काहीच नाही.

आमचे उलटे आहे. आमच्या कामात किरणे खरोखरच आहेत. ती नावातून लपवली आणि नंतर माणसाला कळली, तर त्याचा विश्वास जातो. २०११ मध्ये, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघाताच्या आधी आणि नंतर, कोकणातल्या जैतापूर-माडबन भागात नियोजित अणुवीज प्रकल्पाला विरोध पेटला होता, तेव्हा लोकांच्या मनात मुख्य शंका हीच होती की आपल्याला सगळे सांगितले जात नाही. त्या विरोधाची इतरही कारणे होती: जमीन, मासेमारी, भूकंप. पण ज्यांचे काम मोजून खरे सांगणे आहे, त्यांचे नाव तरी आडपडद्याचे नसावे.

आमचे गाव अणुवीज केंद्राजवळ आहे. आकडे कोण मोजते?

तारापूरसारख्या प्रत्येक केंद्राच्या परिसरात पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती वीज बनवणाऱ्या कंपनीची नसून भाभा अणु संशोधन केंद्राची असते. मोजणारा आणि वीज विकणारा वेगळा ठेवला आहे, ही बाब मला महत्त्वाची वाटते. समुद्राचे पाणी, मासळी, दूध, भाजी, गवत, माती यांचे नमुने तिथे नियमित तपासतात.

मासे घ्यायला माणूस येतो तेव्हा कोळणी विचारतात, "कसले डॉक्टर तुम्ही?" त्या वेळी तिथेच उभे राहून सांगावे की मासा भाजून त्याची राख करतो, ती मोजतो, आणि आकडा असा असा आला. मी सांगत आले आहे. पुढच्या खेपेला त्याच बाईने "मागच्या बोंबलांत काय निघालं?" असे विचारले, तेव्हा मला फार बरे वाटले होते.

मोबाइल टॉवरची तक्रार तुमच्याकडे करायची का?

नाही, ती दूरसंचार विभागाकडे. त्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा नसते, आमचा विषय वेगळा.

गरोदर असताना चुकून एक्स-रे काढला. आता?

घाबरून कोणताही निर्णय घेऊ नका. छातीच्या किंवा दातांच्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. पोटाचे सी.टी. स्कॅन झाले असेल तर कोणते, किती वेळा, कोणत्या आठवड्यात, ही माहिती घेऊन तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि मात्रेचा हिशेब मागा. तो हिशेब आमच्यासारखे लोक करून देतात, निर्णयाचे बोलणे तुमचे डॉक्टर करतील. पुढच्या वेळी एक्स-रेच्या टेबलावर जाण्याआधी 'दिवस गेले असतील' एवढे तोंडाने सांगा, कोणी विचारले नाही तरी.

भंगारात जड, शिशाची, तीन पाकळ्यांची खूण असलेली वस्तू सापडली तर?

तोडू नका, उचलू नका. सगळ्यांना लांब करा, ११२ वर फोन करा आणि 'किरणोत्सारी वस्तू असू शकते' हे शब्द वापरा. ज्याने हात लावला असेल त्याने हात धुवावेत, त्याचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावेत, आणि दवाखान्यात गेल्यावर त्याने पहिल्या वाक्यातच त्या वस्तूबद्दल सांगावे.

तुम्ही स्वतःची ओळख कशी करून देता?

ओळखपत्रावर जे छापले आहे ते बदलणे माझ्या हातात नाही. बोलताना मी म्हणते, "मी किरणे मोजते, आणि ती कोणाला जास्त लागू नयेत हे बघते."